महाराजांनी उठवलेला ट्रॅक्टर

रविवारी सकाळी वसाहतीच्या बागेत पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी तिथे कुत्र्यांखेरीज कोणी फिरकत नसे. गवत गुडघ्याच्या वर गेलं होतं आणि मागच्या महिन्यात माळ्याला त्यात नाग दिसला होता. पण आज गवत तुडवून वाट केलेली होती, शामियाना ठोकलेला होता, आणि कनकपुरा रस्त्यापासून आतपर्यंत गाड्यांची रांग लागली होती. शामियान्याच्या मधोमध झेंडूच्या माळा ल्यालेला एक छोटा लाल ट्रॅक्टर उभा होता. गवत कापायचा, खताची ट्रॉली ओढायचा, बागेतला ट्रॅक्टर. चार वर्षं शेडमध्ये पडून राहिल्यामुळे त्याच्या लाल रंगावर तपकिरी डाग पडले होते.

आणि त्यावर चैतन्येश्वर महाराज बसले होते. महाराज अंगानं भरभक्कम. त्यांचं पोट स्टीअरिंगला टेकलं होतं.

"यंत्र म्हणजे काय?" महाराजांनी माइकवर विचारलं आणि उत्तराची वाट न बघता सांगितलं, "यंत्र म्हणजे शरीर! बॅटरी ही कुंडलिनी. कार्ब्युरेटर हा कंठ. पिस्टन म्हणजे श्वास. आत येतोय, बाहेर जातोय, सोऽहम्, सोऽहम्! मालक गेला की यंत्राचा प्राण जातोय. हे सायन्स आहे. कॉस्मिक सायन्स! परदेशात यावर संशोधन चाललंय."

समोर बसलेल्यांत निम्मे निवृत्त अभियंते होते. जन्मभर सरकारी कारखान्यांत टर्बाइनं आणि विमानांचे सुटे भाग तपासलेली ही माणसं माना डोलावत होती.

बायका आरतीचं ताट घेऊन पुढे झाल्या. तोच महाराजांचा शिष्य संग्राम धावत आला आणि त्यानं निरांजन फुंकून विझवलं.

"अग्नी वर्ज्य! दिवा नको, कापूर नको, उदबत्तीसुद्धा नको. आत्मा होरपळतो."

मग त्यानं गुलाबपाण्याचा एवढा शिडकावा केला की पुढच्या रांगेतल्यांना शिंका आल्या. तांब्याच्या झाकणबंद लोट्यातलं तीर्थ त्यानं ट्रॅक्टरच्या "नाकात" ओतलं. महाराजांनी डोळे मिटले, अगम्य भाषेत काहीतरी पुटपुटले आणि चावी फिरवली.

घर्र, घर्र, आणि मग एकदम धडधडधड! चार वर्षं मुका असलेला ट्रॅक्टर कडकडून बोलू लागला. गर्दी उठून उभी राहिली. कुणी टाळ्या पिटल्या, कुणी हात जोडले, मोबाइल वर गेले. आणि इंजिन जसं अचानक सुरू झालं तसंच अचानक गप्प झालं.

महाराजांनी घाम पुसला. "आला होता. पत्नीला भेटून गेला. पुढच्या रविवारी प्राणप्रतिष्ठा करू, मग कायमचा राहील."

पुढच्या रांगेतून देवश्री उठली आणि ट्रॅक्टरच्या बॉनेटवर कपाळ टेकून हमसून रडू लागली.

हेमलता शामियान्याच्या खांबाला टेकून हे सगळं बघत होती. तिच्या नखांमध्ये अजून ग्रीस होतं. तिला रडू येत नव्हतं. तिला फक्त संताप येत होता, आणि तो कुणावर काढावा हे कळत नव्हतं.

हा ट्रॅक्टर तिच्या भावाचा, नंदकिशोरचा. निवृत्त झाल्यावर त्यानं हौसेनं घेतला आणि वसाहतीच्या बागेला वाहिला. दर रविवारी सकाळी तो त्यावर बसून बागेत फेऱ्या मारायचा आणि त्याची बायको देवश्री स्वयंपाकघरात त्या आवाजावर चहा टाकायची. आवाज थांबला की चहा गाळायचा, असा हिशेब. करोनाच्या दुसऱ्या लाटेत नंदकिशोर रुग्णालयात गेला तो परत आलाच नाही. देवश्रीला त्याचं शेवटचं दर्शनही झालं नाही. ट्रॅक्टर शेडमध्ये गेला.

हेमलता एका सरकारी प्रयोगशाळेत रसायनशास्त्रज्ञ होती. लग्न केलं नव्हतं. निवृत्तीनंतर ती वहिनीच्या सोबतीला येऊन राहिली. बागेत नाग निघाल्यावर तीच म्हणाली, "दादाचा ट्रॅक्टर काढू या. मी चालू करते."

म्हणणं सोपं होतं. तिनं उंदरांनी कुरतडलेल्या वायरी जोडल्या, नवी बॅटरी घातली, तेल बदललं, इंटरनेटवरचे असतील नसतील ते व्हिडिओ पाहिले. सीटवर बसून चावी फिरवावी, तर साधी कुरकुरसुद्धा नाही. भाचा, म्हणजे देवश्रीचा मुलगा आशय, शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एचएसआर लेआउटहून ट्रॅफिकमध्ये अर्धा दिवस घालवून आला. त्यानं सीटवर बसून चावी फिरवली. ढिम्म. शिवाजीनगरहून मेकॅनिक आणला. त्यानं उभ्या उभ्याच चावी फिरवून पाहिली, इंजिन फिरवणारा स्टार्टर गेला म्हणाला, स्टार्टर घेऊन गेला, दुसरा बसवून दिला. तरी ढिम्म! हेमलता रोज संध्याकाळी काळे हात घेऊन घरी यायची आणि वहिनीच्या डोळ्यांतली आशा बघून तिला आणखीच चडफडायला व्हायचं.

शेवटी एके दिवशी देवश्री हळूच म्हणाली, "हेमाताई, त्यांना आवडत नसेल दुसऱ्या कुणी हात लावलेला."

ते वाक्य वसाहतीत फिरलं. सोसायटीचे सेक्रेटरी गुरुप्रसाद यांच्या कानावर गेलं. आणि गुरुप्रसाद महाराजांना घेऊन आले.

*

दुपारी जेवताना देवश्री म्हणाली, "आशयला फोन केला मी. मंगळवारचं रद्द कर म्हटलं."

हेमलताचा घास हातातच राहिला. देवश्रीचं हृदय मध्येच मंद पडायचं, ठोके चुकायचे. दिवाळीत ती देवघरासमोर चक्कर येऊन पडली होती. जयनगरच्या हृदयरोगतज्ज्ञ बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, पेसमेकर बसवायला हवा, उशीर करू नका. पुढच्या नव्हे, त्यापुढच्या मंगळवारची तारीख मिळाली होती.

"रद्द? का?"

"महाराज म्हणाले, थांबलेलं यंत्र मी उठवलं, तर चालतं हृदय का नाही सुधारणार? पुढच्या रविवारी माझा हात ट्रॅक्टरवर ठेवून करणार आहेत. दोघांचं एकदमच."

"वहिनी, तुमच्या हृदयाचा आणि ट्रॅक्टरचा काय संबंध?"

"तुम्हाला नाही कळायचं."

"मला कळत नाही म्हणूनच विचारतेय ना! सांगा की कळेल असं."

"आवाज ऐकलात ना तुम्ही? तोच आवाज होता. चार वर्षांनी ऐकला मी." देवश्रीनं पाण्याचं भांडं खाली ठेवलं. "महिनाभर तुम्ही खटपट केलीत. एक हुंकार तरी दिला त्यानं तुम्हाला? महाराजांनी हात लावला आणि बोलला. डोळ्यांनी बघितलेलं खोटं म्हणू मी?"

हेमलतानं ताट बाजूला सारलं. तिला सर्वांत जास्त टोचत होतं ते एकच. तो आवाज तिनंही ऐकला होता.

वहिनी झोपल्यावर ती तडक शेडकडे गेली. ट्रॅक्टर पुन्हा आत ठेवला होता, माळा तशाच होत्या, कुलूप अजून लागायचं होतं. महाराजांच्या माणसांनी कशाला हात लावला असेल ते बघावं म्हणून तिनं एअर फिल्टरचं झाकण उघडलं. आत फिल्टर नव्हताच. त्या जागी खोलवर कापसाचा बोळा कोंबलेला होता. तिनं तो ओढून नाकाशी नेला.

गुलाबपाण्याच्या खाली दबलेला, गोडसर, डोक्यात चढणारा वास. सकाळीही हा वास तिच्या नाकाला चाटून गेला होता, पण ओळख पटली नव्हती. आता पटली. तीस वर्षं प्रयोगशाळेत ज्या बाटलीवर लाल अक्षरांत धोक्याची सूचना असायची, त्या बाटलीतला वास. ईथर!

ईथरची बाटली उघडायची असेल तर खोलीत जळती काडीसुद्धा चालत नाही. वाफ भडका घेते. हेमलता बोळा हातात धरून उभी राहिली आणि तिला संग्राम आठवला, निरांजन फुंकणारा. दिवा नाही, कापूर नाही, उदबत्ती नाही. जगात अशी कुठली पूजा असते जिच्यात वात पेटवायची भीती वाटते?

ती तशीच गुरुप्रसादांच्या घरी गेली. ते मूळचे निपाणीकडचे, मराठीत कानडी मिसळून बोलणारे, वसाहतीत सगळ्यांचे लाडके, कुणाच्याही अडीअडचणीला धावणारे. त्यांनी बोळा हुंगून बाजूला ठेवला.

"अक्का, स्वल्प शांत व्हा. औषधी तीर्थ असेल."

"गुरुप्रसाद, हे ईथर आहे. थंडीत अडलेली इंजिनं सुरू करायला याचा फवारा मारतात. टाकीत पेट्रोल नसलं तरी इंजिन यावर क्षणभर धडधडतं. फवारा संपला की बंद. सकाळी तेच झालं."

"सरी, बरं. मग आधी चावी फिरवल्यावर इंजिन गरगरलं ते कशानं? तुमचं तर एकदासुद्धा फिरलं नाही."

"संग्रामनं काल शुद्धीकरणाच्या नावाखाली काहीतरी दुरुस्त केलं असेल."

"असेल, असेल!" गुरुप्रसाद हसले. "तुम्ही सायंटिस्ट लोक 'असेल'वर किती विश्वास ठेवता बघा. अक्का, शेडची जागा महाराजांच्या साधना केंद्राला द्यायची असं कमिटीत ठरतंय. लोकांना शांती मिळतेय. तुम्ही मध्ये विघ्न आणू नका."

त्याच संध्याकाळी शेडला कुलूप लागलं. किल्ली संग्रामकडे.

तो आठवडा हेमलतानं दारोदार हिंडण्यात घालवला. एकानं चहा पाजला आणि विषय बदलला. एका निवृत्त प्राध्यापकांनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमचं बरोबर आहे हो, पण आपण कशाला वाईटपणा घ्यायचा?" देवश्री तिच्याशी जेवणापुरतं बोलत होती. गुरुवारी तिला पुन्हा चक्कर आली. ओट्याला धरून ती खाली बसली आणि हेमलता धावली तर म्हणाली, "काही नाही, आत्मा ओढतोय. महाराजांनी सांगितलं होतं असं होईल."

हेमलतानं न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि टॉवेलात तोंड खुपसून ओरडली. मग तोंड धुऊन तिनं आशयला फोन लावला.

"मंगळवारचं खरंच रद्द केलंस?"

"नाही आत्या. आईला हो म्हणालो, पण केलं नाही. पण ती आली नाही तर काय करू? उचलून नेऊ?"

"रविवारी ये. येताना शिवाजीनगरला स्पेअर पार्टच्या दुकानातून इंजिन स्टार्ट करायचा फवारा घेऊन ये."

*

रविवारी गर्दी दुप्पट होती. महाराज सीटवर विराजमान झाले. संग्रामनं घोषणा केली की आसनावर महाराजांखेरीज कुणी बसायचं नाही. देवश्री नवी साडी नेसून समोर बसली होती, चेहरा पांढराफटक.

संग्राम लोटा घेऊन पुढे निघाला, तोच हेमलता मंडपाच्या पार दुसऱ्या टोकाला उभी राहिली. हातात पेटलेलं निरांजन.

"महाराज, ओवाळायचं आहे."

"विझव! विझव ते!" संग्राम ओरडला. त्यानं लोट्याचं झाकण दोन्ही हातांनी दाबून धरलं.

"मी इथूनच ओवाळते, जवळ येत नाही. तीर्थाचे चार थेंब तेवढे द्या, या दिव्यावर शिंपडू."

"बाई, पाप लागेल!" महाराज गरजले, पण गरजता गरजता ट्रॅक्टरवरून खाली उतरून चार पावलं मागे सरकले. ते सगळ्यांनी पाहिलं.

"तीर्थ म्हणजे पाणीच ना? पाण्यानं दिवा विझतो, महाराज. घाबरता कशाला?"

गर्दीत कुणीतरी हसलं. पुढच्या रांगेतल्या एक आजी ठसक्यात म्हणाल्या, "दे की रे बाबा चार थेंब. आम्हालाही बघू दे."

संग्राम हलेना. शेवटी गुरुप्रसादच उठले. त्यांना खात्री होती की अक्का तोंडघशी पडणार. त्यांनी लोटा घेतला, हेमलतानं सांगितल्याप्रमाणे कापसाच्या वातीवर थोडं तीर्थ घेतलं, झाकण बंद करून लोटा लांब ठेवायला लावला आणि वात मोकळ्या जागेतल्या फरशीवर टाकली. आशयनं लांब काठीच्या टोकाला काडी पेटवून पुढे केली. काडी वातीला टेकलीही नव्हती, तोच भप्पकन ज्वाळा उठली.

पुढची रांग खुर्च्यांसकट मागे सरकली.

"हे तीर्थ," हेमलता म्हणाली. "ईथर. बाजारात डब्यात मिळतं. महाराज ज्याला ट्रॅक्टरचं नाक म्हणतात, ती इंजिनात हवा जायची वाट आहे. तिथे हे ओतलं की इंजिन घटकाभर यावर चालतं. आत्मा वगैरे कुणी येत नाही."

वाटलं, झालं. पण गुरुप्रसाद हार मानणाऱ्यांतले नव्हते. "सरी, तीर्थ जळलं. मान्य. पण अक्का, इंजिन मुळात फिरलं कसं? महिनाभर तुम्ही, तुमचा भाचा, मेकॅनिक, सगळे हरलात. महाराज बसले आणि फिरलं. बसा तुम्ही आता. फिरवा चावी!"

"फिरवा! फिरवा!" मागून आवाज आले.

हेमलता सीटवर बसली. तिला वाटत होतं, संग्रामनं जे काही जोडलंय ते अजून जोडलेलं असणारच. तिनं चावी फिरवली.

काहीच नाही.

पुन्हा फिरवली. ढिम्म.

महाराजांचा आवाज लगेच परत आला. "बघा! बघा भक्तहो! माझ्या तीर्थाला जाळलं, पण नंदकिशोर परका हात घेत नाही! सख्ख्या बहिणीचा घेत नाही!"

गर्दीतून हुंकार उठला. हेमलतानं वहिनीकडे पाहिलं. देवश्रीच्या चेहऱ्यावर विजय नव्हता, दया होती. ती दया बघून हेमलताचं डोकं सणकलं. महिनाभराचं ग्रीस, बंद दारं, गोड बोलून वाटेला लावणारे शेजारी, ओट्याला धरून खाली बसलेली वहिनी, सगळं एकदम तिच्या मुठीत उतरलं. ती खाली उतरली आणि तिनं त्या सीटवर सगळ्या ताकदीनिशी गुद्दा हाणला.

टक्.

ती थांबली. पुन्हा गुद्दा मारला. टक्. नुसता तळहात दाबला, आवाज नाही. मग बरोबर मधोमध, एकाच जागी, दोन्ही हातांनी अंगाचा भार टाकून दाबलं. टक्.

"आशय, सीट उचल!"

आशयनं सीट उलटी केली. खाली बोटाएवढा एक स्विच होता, गंजानं लाल झालेला. चालवणारा माणूस खाली पडला तर पाती फिरत राहू नयेत म्हणून अशा ट्रॅक्टरला तो बसवलेला असतो. सीटवर माणूस नसेल तर स्टार्टरला वीज जातच नाही. चार वर्षांच्या गंजानं तो स्विच इतका जाम झाला होता की हलक्या माणसाच्या सीटभर पसरलेल्या वजनानं दबत नव्हता. हेमलता काडीसारखी. आशय तिच्यासारखाच. मेकॅनिक तर बसलाच नव्हता. दबला तो महाराजांच्या भाराखाली.

हेमलताला हसू यायला लागलं, आणि डोळ्यांत पाणीही. "शेणखताची गोणी आणा कुणीतरी. भरलेली."

शेडमधली गोणी दोघांनी उचलून सीटवर ठेवली. निरांजन केव्हाच विझवलं होतं. तिनं लोकांना मागे सरकवलं, बाजूला उभं राहून ब्रेक दाबला आणि चावी फिरवली.

घर्र, घर्र, घर्र!

"आता बोला महाराज, या गोणीत नंदूदादा आला का?"

मंडपात हशा उसळला. आशयनं फवाऱ्याचा डबा दिला. हेमलतानं नळीत एक झोत मारला आणि महाराजांच्याच सुरात माइकवर म्हटलं, "ॐ हायड्रोजनाय नमः, हेलियमाय नमः, लिथियमाय नमः!" चावी फिरली आणि इंजिन कडकडून सुरू झालं. गोणी थाटात बसून राहिली. मग नेमकं मागच्या रविवारसारखंच, आचका देऊन बंद पडलं.

"आणि हे बंद का पडतं तेही ऐका," ती म्हणाली. "ईथरवर पेटतंय म्हणजे ठिणगी पडतेय, पिस्टन शाबूत आहे. फक्त पेट्रोल पोचत नाही. चार वर्षांचं पेट्रोल कार्ब्युरेटरमध्ये, इंजिनाला ते पुरवणाऱ्या भागात, डिंकासारखं घट्ट झालं असणार. साफ केलं की चालेल. यात ना शाप आहे, ना आत्मा."

एव्हाना महाराज गाडीत बसले होते. नास्तिकाच्या सावलीनं सिद्धी भ्रष्ट झाली, असं संग्राम जाता जाता ओरडून गेला. लोटा मात्र घेऊन गेला.

लोक पांगले. कुणी हेमलताची पाठ थोपटली, कुणी तिच्याकडे न बघता निघून गेले. प्राध्यापक म्हणाले, "मला आधीपासून शंका होतीच." गुरुप्रसाद खुर्च्या एकावर एक रचत राहिले.

आणि देवश्रीची खुर्ची रिकामी होती.

*

ती घरी पलंगावर पाठमोरी पडली होती. हेमलता उंबऱ्यापाशी उभी राहिली.

"तुम्ही जिंकलात," देवश्री भिंतीकडे बघत म्हणाली.

"वहिनी, मला जिंकायचं नव्हतं हो."

"चार वर्षांनी मला वाटलं, त्यांनी हाक ऐकली. एक आठवडा वाटलं. तो आठवडा तुम्ही सगळ्यांसमोर हसण्यावारी नेलात. खताची गोणी ठेवलीत त्यांच्या जागी!"

हेमलता पलंगाच्या कडेवर बसली. ते तिच्या लक्षातच आलं नव्हतं. गोणीवर सगळा मंडप हसला तेव्हा तिला फक्त महाराज दिसत होते.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "गोणी ठेवायला नको होती. दादाला मीही शेवटचं पाहिलं नाही, वहिनी. पण तो माणूस दादाच्या नावानं तुम्हाला दवाखान्यापासून लांब ठेवत होता. गुरुवारी तुम्ही खाली बसलात ना, तेव्हा मला वाटलं, आता याही जातात. मग मला दुसरं काही सुचेना."

मग देवश्री कूस बदलून म्हणाली, "ते मशीन बसवलं म्हणजे माझं हृदय काय विजेवर चालणार?"

"आताही विजेवरच चालतं. हृदयाची स्वतःची बारीकशी वीज असते, ती प्रत्येक ठोका देते. तुमची ती वीज मध्येच आळस करते. हृदय धडधाकट आहे. मशीन फक्त वेळेवर इशारा देईल. तुमच्या डॉक्टरीणबाईंना विचारा, हवं ते सगळं विचारा. कितीही प्रश्न विचारलेत तरी त्या चिडायच्या नाहीत."

"आणि बसवताना मला काही झालं तर?"

"धोका अगदी नाहीच असं मी म्हणणार नाही. पण न बसवण्यात फार जास्त आहे."

देवश्रीनं तिच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. "महाराज म्हणाले होते, धोका शून्य."

मंगळवारी सकाळी ती स्वतः उठून तयार झाली. रुग्णालयाच्या दारात तिनं हेमलताचा हात घट्ट धरला आणि आत गेल्यावर डॉक्टरीणबाईंना इतके प्रश्न विचारले की आशय ओशाळला. बाई मात्र कागदावर हृदयाचं चित्र काढून उत्तरं देत बसल्या. पेसमेकर बसला. ठोके नियमित झाले. चक्कर येणं थांबलं.

ट्रॅक्टरनं मात्र आणखी छळलं. कार्ब्युरेटर उघडला तर आत हिरवट चिकटा. केसाएवढ्या भोकातून तार घालून हेमलता रोज साफ करायची, रोज इंजिन सुरू होऊन दम टाकायचं. तिनं दोनदा पाना भिरकावला. टाकी धुतली, नळ्या बदलल्या, सीटखाली नवा स्विच घातला. मग एके सकाळी तो कुरकुरत सुरू झाला आणि बंद पडला नाही. काळा धूर ओकत, रडतखडत, पण चालत राहिला. सगळं गवत कापून होईपर्यंत चालला. नाग आधीच कुठेतरी निघून गेला होता. गुरुप्रसाद गॅलरीतून बघत होते. "महाराजांचा पायगुण," ते इंजिनच्या आवाजावर ओरडून शेजाऱ्याला म्हणाले. हेमलताला ते ऐकू गेलं. तिनं दात आवळले आणि पुढची फेरी घेतली.

पावसाळ्याच्या तोंडावर बातमी आली, महाराज पलीकडच्या वसाहतीत आटलेली बोअरवेल उठवणार आहेत. तिथे म्हणे एका म्हाताऱ्यानं साखरेची, म्हणजे मधुमेहाची औषधं बंद केली होती, महाराजांच्या सांगण्यावरून.

"परत तेच!" हेमलतानं पेपर आपटला. "पुन्हा तीच गर्दी, तेच पुटपुटणं. आणि मी बोलायला लागले की लोक घड्याळ बघतात."

"कारण तुम्ही भाषण करता," देवश्री पोळी लाटता लाटता म्हणाली. "मला घेऊन चला. मी बोलते."

रविवारी दोघी गेल्या. महाराज अजून यायचे होते, मंडप भरत आला होता, औषधं सोडलेला तो म्हाताराही पुढच्या रांगेत बसला होता. देवश्री जन्मात कधी माइकसमोर उभी राहिली नव्हती. तिनं पदर सारखा केला आणि खणखणीत नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलू लागली.

"मी या महाराजांमुळे फसले होते. मूर्ख होते म्हणून नाही. माझा माणूस गेला होता आणि मला त्याचा आवाज हवा होता, म्हणून फसले. तुमच्यातही कुणाला काही हवं असेल. पाणी हवं असेल, मूल हवं असेल, दुखणं जायला हवं असेल. त्यात लाज नाही. पण जो कुणी ते द्यायला येईल ना, त्याला विचारा, कसं करता? काय ओतता? आम्ही जवळून बघू का? डॉक्टर आहेत, त्यांनाही विचारा. मी विचारलं, त्यांनी सांगितलं, म्हणून आज इथे उभी आहे. विचारल्यावर जो सांगतो त्याचं ऐका. विचारल्यावर जो शाप देतो, त्याच्या हातात आपला जीव देऊ नका. आजोबा, तुमची साखरेची गोळी घ्या. आत्ता घ्या. मी पाणी आणलंय."